चन्नम्मा आत्या सोलापुरात हळू गाते

नव्या पेठेतल्या ‘महेश्वर मॅचिंग सेंटर’ला फोन लावला आणि तो दानेश्वरीनं उचलला, की पलीकडचं माणूस हमखास म्हणायचं, “दादा, काल अस्तराचं कापड सांगितलं होतं, आलं का?” लग्न होऊन दुकानात बसायला लागली तेव्हा ती चूक सुधारायला जायची. “दादा नाही, वहिनी बोलतेय.” मग पलीकडचं माणूस ओशाळायचं, माफी मागायचं आणि त्या गडबडीत अस्तराचं राहूनच जायचं. आता पन्नाशी ओलांडल्यावर ती नुसतं “आलंय, या,” म्हणायची आणि फोन ठेवायची.

आवाजच जाड होता, त्याला ती काय करणार? नातेपुत्याच्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी तिला मागच्या रांगेत उभं केलं होतं आणि हळूच सांगितलं होतं, “तू नुसते ओठ हलव हं, बाळ.” सोलापुरात सासरी आल्यावर ती गल्लीतल्या भजनी मंडळात जायला लागली. तिथं सोजरबाई होत्या. सोजरबाईंचा गळा उंच आणि धारदार. मंडळाची पट्टी त्यांनी पेटीवरची काळी पाच ठरवून टाकली होती, आणि दानेश्वरी त्या पट्टीला हात लावायला गेली की अर्ध्या जिन्यावर दम लागल्यासारखी खालीच राहायची. सोजरबाई मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी तिच्या हातात टाळ दिले. “ताल तुझा पक्का आहे बघ,” म्हणाल्या. तेव्हापासून दानेश्वरी टाळ वाजवत होती, झकास वाजवत होती. आपल्याला गाता येत नाही याचं तिला काही वाटत नव्हतं. निदान तिचा तसा समज होता.

यंदा होळीच्या सुमाराला तिची मोठी नणंद चंद्रिका अमेरिकेहून कायमची परत आली. उभा जन्म न्यू जर्सीत गेलेला. औषधांच्या दुकानात नोकरी, दोन मुलं, बर्फ, सगळं करून झालं होतं. नवरा सोमशेखर अजून तिकडंच होता; त्याची नोकरी संपायला काही महिने होते. जुळे सोलापुरात घेतलेला फ्लॅट लावून घ्यायला चंद्रिका पुढं आली होती. फ्लॅटचा रंग अजून ओला होता, तेव्हा सामान भावाच्या घरी, नव्या पेठेमागच्या गल्लीत येऊन पडलं.

त्या सामानात एक खोकं होतं. चंद्रिकानं ते हमालाला उचलू दिलं नाही. रिक्षातून मांडीवर घेऊन आली. दोन गोधड्यांतून रेकॉर्ड वाजवायचं यंत्र बाहेर निघालं. ते बघून महेश्वर म्हणाला, “चंद्रक्का, एवढं लांबून हे आणलंस? आता गाणी फोनवर मिळतात की.”

“फोनवर गाणी मिळतात,” चंद्रिका म्हणाली. “चन्नम्मा आत्या मिळते का?”



चन्नम्मा आत्या म्हणजे चंद्रिका आणि महेश्वर यांच्या वडिलांची थोरली बहीण. कधीच वारलेली. पण घरात तिचं नाव रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं निघायचं, कारण या घरातून रेकॉर्ड निघालेली ती एकटीच. छोटी, ताटलीएवढी रेकॉर्ड. एका बाजूला एक गाणं, दुसऱ्या बाजूला दुसरं. काढणारी कंपनी बुडाली. घरातल्या दोन प्रती लोकांनी ऐकायला म्हणून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. तिसरी लग्नानंतर चंद्रिकानं पेटीत घालून अमेरिकेला नेली. तिकडं थंडीच्या दिवसांत काचेबाहेर अंधार पडला की ती आत्याला लावायची. इकडं घरातल्या पोरासोरांनी आत्याच्या गळ्याच्या फक्त गोष्टी ऐकल्या होत्या.

तो गळा समोर बसून ऐकलेलं असं घरात एकच माणूस उरलं होतं: निंगप्पाकाका, आत्याचे धाकटे भाऊ. वय झालेलं, कानात यंत्र, पण जीभ शाबूत. खोकं उघडल्यापासून ते खुर्ची ओढून त्याच्याशेजारीच बसले होते.

“लाव की गं,” ते म्हणाले. “चन्नक्काला लाव.”

“रविवारी, काका. सगळे असताना.”

रविवारी सगळे जमले. दानेश्वरीनं भजी तळली, शेंगाचटणी वाटली, चहाचं मोठं पातेलं चढवलं. चंद्रिकानं आधीच पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला होता. अमेरिकेच्या यंत्राला आपल्या विजेचा दाब झेपत नाही, तो उतरवून द्यावा लागतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं मऊ ब्रशानं रेकॉर्ड पुसली, बटण दाबलं, बारीक दांडी खाली केली. सुई टेकली. खरखर झाली. पेटी वाजली, जरा पेंगुळलेली. आणि मग आत्या गायला लागली.

बाई कुठली, भरदार छातीचा कुणी गडीच गात होता. एकेक शब्द जात्यात दाणे टाकावेत तसा सावकाश टाकत होता.

निंगप्पाकाका खुर्चीतून अर्धे उठले. “हा कोन बाबा?”

“काका, आत्याच आहे,” चंद्रिका म्हणाली, पण तिचा चेहरा पडला होता.

“चन्नक्काचा गळा मला म्हाईत न्हाय व्हय? हे गानं चिमनीचं हाय. ही चिमनी हाय का रेडा हाय?”

एकच हशा पिकला. चंद्रिकानं घाईनं ती रेकॉर्ड काढून तिच्याकडची एक इंग्रजी लावली; त्या अमेरिकन बाईलासुद्धा मिशा फुटल्या होत्या. महेश्वरच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. परत आत्याची रेकॉर्ड लागली तेव्हा तो मांडीवर थाप मारून म्हणाला, “अरे, ही तर आमची दानेश्वरीच गातीय की!”

सगळे आणखी हसले. दानेश्वरी चहा ओतत होती, तीही हसली. पण किटली हातात तशीच धरून ती क्षणभर थांबली. नवरा थट्टेत बोलला होता आणि नेमकं बोलला होता. स्पीकरमधून येणारा आवाज जिथं उभा होता, तिथंच तिचा आवाज राहायला होता.

चंद्रिकानं यंत्र उलटं करून बुडाची पत्र्याची पट्टी वाचली आणि कपाळावर हात मारला. “व्होल्टचं बघितलं, हर्ट्झचं विसरले मी. साठ लिहिलंय.”

“म्हंजे काय?” काकांनी विचारलं.

“तिकडची वीज सेकंदाला साठ हेलकावे खाते, काका, आपली पन्नास. ही मोटर विजेच्या हेलकाव्यावर पाऊल टाकते. ट्रान्सफॉर्मर दाब कमी करतो, चाल काही बदलत नाही. म्हणून इथं ही हळू फिरतेय.”

“म्हंजे आपली वीज आळशी?”

“आळशी नाही, सावकाश.”

“सोलापूरची हाय, ती कशाला घाई करंल?” काका म्हणाले आणि भज्यांकडं वळले.

उपाय होता. मोटरच्या टोकाला पितळेचं इवलंसं चाक असतं, त्यावरून रबरी पट्टा फिरतो. तेच चाक जरा मोठ्या घेराचं बसवलं की चाल भरून निघते. जुन्या यंत्रांचे भाग विकणारं एक दुकान जर्मनीत होतं. चंद्रिकानं तिथं चाक मागवलं. “येईपर्यंत कुणी हात लावू नका,” तिनं बजावलं आणि यंत्रावर स्वच्छ धुतलेला टॉवेल टाकला.

दानेश्वरीनं दोन दिवस हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ती दुपारी दुकानातून जेवायला घरी आली. महेश्वर दुकानात होता. चंद्रिका फ्लॅटवर रंगाऱ्यांशी भांडायला गेली होती. काका कानातलं यंत्र काढून, उशाशी ठेवून झोपले होते. अशा वेळी घरात बँड वाजला तरी त्यांना पत्ता लागत नसे. दानेश्वरीनं हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. टॉवेल काढला. चंद्रिकानं जसं केलं तसं सगळं केलं आणि दांडी खाली सोडताना श्वास रोखून धरला.

पहिल्या खेपेला तिनं ओठच हलवले. सवयच ती. दुसऱ्या खेपेला ओठांतून थोडा आवाज गळला. तिसऱ्या खेपेला तिला कळलं, की आपण गातोय आणि गळा कुठंच अडत नाहीये. चढण आली की ती सवयीनं मान ताणायची, पण ताणायची गरजच पडत नव्हती. सूर तिच्या हाताच्या अंतरावर मांडून ठेवलेले होते, फळीवरच्या डब्यांसारखे. ती एकेक घेत गेली. गाणं हळू असल्यामुळं आत्या कुठं वळते, कुठं थांबते, कुठं चोरून श्वास घेते, तेही कळत होतं.

त्या दिवशी ती दुकानात उशिरा पोचली. महेश्वरनं विचारलं, “काय गं, डोळा लागला होता?” ती म्हणाली, “हो.” आणि एका गिऱ्हाइकाला मोरपिशी अस्तराऐवजी राणी रंगाचं फाडून दिलं.

मग रोजच सुरू झालं. अडचण शब्दांची होती. गाणं कन्नड. सासरी सगळे कन्नड-मराठी मिसळून बोलायचे, पण दानेश्वरी नातेपुत्याची. तिचं कन्नड दुकानातलं, अक्कलकोटकडच्या बायकांशी बोलून आलेलं, रंग आणि मीटर एवढ्यापुरतं. ती ऐकलेला शब्द लक्षात ठेवायची आणि रात्री काकांना वाढताना अगदी सहज विचारायची.

“काका, गुब्बी म्हणजे काय हो?”

“चिमनी. का गं?”

“दुकानात कुणीतरी म्हणालं.”

“कापडाच्या दुकानात चिमनी कशाला आली?” काका म्हणायचे, पण सांगायला त्यांना आवडायचं. असं करत करत तिला गाणं उलगडलं. ज्वारीच्या रानात माचाणावर बसून पाखरं राखणारी एक बाई आहे. हातात गोफण आहे. एक चिमणी येते, कणसावर बसते. बाई म्हणते, ऊठ, चालती हो. चिमणी म्हणते, रान काय तुझ्या बापाचं आहे? बाई म्हणते, बापाचं नाही, सासऱ्याचं आहे. अशी जुंपते. एक कडवं बाईचं, एक चिमणीचं. दानेश्वरीला हे भांडण फार पटलं. भाकऱ्या थापतानासुद्धा ती मनातल्या मनात चिमणीला उत्तरं देऊ लागली.

एका दुपारी ती अशीच रेकॉर्डबरोबर गात होती. डोळे मिटलेले, एक हात हवेत, गोफण फिरवल्यासारखा. गाणं थांबलं, सुई कडेला लागून खरखरायला लागली, तेव्हा तिनं डोळे उघडले. दारात चंद्रिका उभी होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पर्स.

“वन्सं!” दानेश्वरी दचकून उठली. “मी... हात धुतले होते. दोनदा.”

चंद्रिका आत आली. तिनं आधी सुई उचलून जागेवर ठेवली. ते तिला कुठल्याही परिस्थितीत सुचलंच असतं. मग म्हणाली, “मी जिन्यात थांबले होते. वाटलं, कुणी पाहुणे आलेत आणि काका त्यांच्याबरोबर गातायत.”

दानेश्वरीचा चेहरा लाल झाला. “गड्यासारखाच आहे ना माझा आवाज. माहीत आहे मला.”

“तसं नाही गं.” चंद्रिका खाली सतरंजीवर बसली. “मी एवढी वर्षं तिकडं आत्याबरोबर गायचा प्रयत्न केला. बंद खिडक्या, बंद दार, कुणी ऐकायला नाही. तरी एक दिवस मुलगा म्हणाला, आई, शेजारचे लोक पोलिसांना बोलावतील. मला सूर लागतच नाही. आणि तू इथं बसून...” तिनं वाक्य सोडून दिलं. “परत म्हण. रेकॉर्ड न लावता म्हण.”

“छे, वन्सं.”

“म्हण की. इथं कोण आहे?”

आतून काकांचं घोरणं ऐकू येत होतं. दानेश्वरीनं पदर सारखा केला, भिंतीकडं बघितलं आणि पहिली दोन कडवी म्हटली. चंद्रिका गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत होती. तिसऱ्या कडव्याला दानेश्वरी मध्येच अडली, हसली, पुन्हा धरलं. शेवटचं कडवं म्हटलंच नाही.

“ते अजून बसलं नाहीये. तिथं आत्या एकदम वळणं घेते.”

चंद्रिकानं पर्स उघडली आणि त्यातून एक छोटी डबी काढली. डबीत कापसात पितळेचं चाक होतं, नथीतल्या मोठ्या मोत्याएवढं.

“सकाळीच आलं कुरिअरनं,” ती म्हणाली. “तेच बसवायला आले होते.”



“आजच बसवायचं का?” दानेश्वरीनं विचारलं. आपण हे विचारलं याचं तिचं तिलाच आश्चर्य वाटलं.

चंद्रिकानं डबी टप्पकन बंद केली. “कस्टममध्ये अडकलंय,” ती म्हणाली. “जर्मनीचा माल. अडकतो कधीकधी.”

नणंद-भावजयीत आजवर वाकडं काही नव्हतं, पण दोघींचं मिळून एक गुपित असं पहिल्यांदाच झालं. चंद्रिका दुपारच्या वेळी मुद्दाम येऊ लागली. रंगाऱ्यांना तिनं त्यांच्या नशिबावर सोडलं. ती सुई उचलून द्यायची, पाहिजे तिथं अलगद ठेवायची. “हं, इथून परत.” कन्नड उच्चारावर टोकायची. स्वतः गायला गेली की दानेश्वरी नम्रपणे म्हणायची, “वन्सं, तुम्ही सुईकडं बघा.”

एकच गोष्ट दानेश्वरीला टोचायला लागली. निंगप्पाकाका रोज सकाळी चहाची बशी खाली ठेवून विचारायचे, “आलं का गं ते चाक?”

“नाही काका. अडकलंय.”

“कुटं?”

“कस्टममध्ये.”

“त्येंना सांग, म्हातारं वाट बघतंय म्हनून.”

ते हसत म्हणायचे, पण नंतर टॉवेल टाकलेल्या यंत्राकडं जाऊन उभे राहायचे, टॉवेलाचं टोक सारखं करायचे. एका सकाळी ते तिथंच उभे राहून म्हणाले, “मी ल्हान हुतो तवा चन्नक्का मला पाठीवर घिऊन हिरीवर जायची. गात जायची. माझा कान तिच्या पाठीला लागल्याला असायचा. गानं आदी पाठीतनं यायचं, मग तोंडातनं. आता मला तिचं तोंडच आठवतंय, आवाज निसटाय लागलाय बघ.”

दानेश्वरी ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. त्या दुपारी चंद्रिका आली तेव्हा यंत्रावरचा टॉवेल घडी करून बाजूला ठेवलेला होता आणि शेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर होता, शिवणयंत्राच्या डब्यातला.

“चाक बसवा, वन्सं.”

“आणि शेवटचं कडवं?”

“राहू दे. मला तीन आली, पुष्कळ झालं. काकांना एकही मिळालेलं नाही.”

चंद्रिकानं यंत्राची जड थाळी उचलली, पट्टा सोडवला आणि कामाला लागली. दानेश्वरीनं तो इवला स्क्रू तळहातावर धरून ठेवला. जुनं चाक निघालं, नवं बसलं. दोघींनीही चालवून बघितलं नाही. पहिल्यांदा काकांनीच ऐकायचं, असं न ठरवताच ठरलं.

पुन्हा रविवार. पुन्हा भजी. मागच्या वेळेला हसून गेलेले सगळे आले, चार जास्तच आले. गल्लीतलं मंडळ म्हणून सोजरबाई आल्या आणि मंडळाची पेटी वाजवणारा गुरुराजही आला. काकांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि कानातल्या यंत्रात सेल नवा घातला होता. चंद्रिकानं सुई टेकवली.

खरखर. मग पेटी, या वेळी टवटवीत. आणि मग एक आवाज आला, उंच, कोवळा, उन्हात धरलेल्या काचेसारखा लखलखीत. खोलीत भज्याचा घास चावायचंही कुणाला सुचेना. चिमणीचं कडवं आलं तेव्हा ती खरोखर चिमणी होती. टुणकन उडून दुसऱ्या कणसावर बसणारी.

काका डोळे मिटून बसले होते. गाणं संपलं. मग ते म्हणाले, “हीच. हीच ती.” आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसून लगेच म्हणाले, “परत लाव.”

परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा लागलं तेव्हा काका पुढं वाकले, कानामागं हात धरला. “लई घाईनं म्हनती पर. शब्द निसटाय लागलेत माज्या कानातनं.”

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा मंदावला. स्पीकरमधला आवाज एकदम विझला नाही. चिमणीच्या कडव्याच्या मध्येच आत्या खाली घसरू लागली, उंचावरून खाली, आणखी खाली, भरदार झाली, लांबट झाली आणि थांबली. ते सगळं दोन-तीन क्षणांत झालं. पण त्या घसरणीत ती दानेश्वरीच्या दारावरून गेली.

दानेश्वरीनं पुढचा शब्द म्हटला.

म्हणायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. इतक्या दुपारी तिथून पुढं जायची सवय झाली होती, गळा आपला आपण निघाला. दोन शब्दांनंतर आपण काय करतोय ते तिला कळलं आणि ती थबकणार, तेवढ्यात चंद्रिकानं अंधारलेल्या कोपऱ्यातून तिच्या पाठीवर हात ठेवला. दानेश्वरीनं कडवं पुरं केलं. मग काकांकडं वळून त्यांना शब्द नीट पोचावेत म्हणून सावकाश, पहिल्यापासून सुरू केलं. बाई म्हणाली, ऊठ. चिमणी म्हणाली, रान काय तुझ्या बापाचं? जाड, मोकळा आवाज खोलीभर पसरला. महेश्वरच्या हातातलं भजं हातातच राहिलं. तीस वर्षं जिच्याबरोबर संसार केला, ती हीच का, असा त्याचा चेहरा झाला होता.

काका आता हसत होते. प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. तिसरं कडवं झालं आणि दानेश्वरी थांबली.

“पुढं?” काका म्हणाले.

“पुढचं मला येत नाही, काका.”

“येत न्हाय?” काकांनी खाकरून घसा साफ केला. “मला येतंय की.”

आणि त्यांनी शेवटचं कडवं म्हटलं. सूर इकडचा तिकडं गेला, मध्ये खोकला आला, पण शब्द एकही चुकला नाही. त्यात बाई गोफण खाली टाकते आणि चिमणीला म्हणते, बरं बाई, बस. थोडं तू खा, थोडं मला ठेव. काकांनी ‘थोडं’ म्हणताना चिमूट करून दाखवली, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना कन्नड येत नव्हतं त्यांनी जास्त वाजवल्या.

महेश्वरनं उठून बायकोच्या हातातलं भज्यांचं ताट घेतलं. “तू बस,” म्हणाला. “आता मी वाढतो.” लग्नानंतर हे वाक्य त्यानं कितव्यांदा म्हटलं, यावर घरात पुढं बरीच चर्चा झाली.

सोजरबाई मात्र गप्प होत्या. दानेश्वरीला वाटलं, राग आला असणार. जाताना त्या दारात थांबल्या. “इतकी वर्षं माझ्या शेजारी टाळ घेऊन बसलीस. एकदा तरी सांगायचंस, की पट्टी खाली घ्या.”

“मला कुठं माहीत होतं खाली घेता येते म्हणून?”

“मलाही नव्हतं सुचलं गं,” सोजरबाई म्हणाल्या. “गुरुवारी ये. टाळ आणू नकोस.”

गुरुवारी मंडळात गुरुराजनं पेटी पुढं ओढली आणि विचारलं, “वहिनी, सूर कुठला?” दानेश्वरीला नाव माहीत नव्हतं. तिनं नुसता सा लावला. गुरुराजची बोटं काळी पाचवरून खाली खाली उतरत गेली आणि पांढरी पाचवर थांबली. “सापडला,” तो म्हणाला.

“एवढ्या खाली?” दोघीतिघी कुजबुजल्या. पण सा घुमायला लागला तशी मागच्या रांगेतून आणखी एक आवाज त्यात मिसळला. सगळ्यांनी वळून बघितलं. गल्लीतल्या मंजुनाथची आई होती. गरीब, अबोल बाई, कधी तोंड उघडून गाताना कुणी ऐकलं नव्हतं. तिच्या शेजारची दुसरी बाईही लाजत लाजत गात होती. लोक बघतायत म्हटल्यावर दोघी गप्प झाल्या. दानेश्वरी उठली आणि जाऊन त्या दोघींच्या मध्ये बसली.

मंडळानं आत्याचंच गाणं बसवायला घेतलं; त्याची वाटणी ठरायला वेळ लागला नाही. रान राखणारी बाई दानेश्वरीकडं. चिमणीच्या ओळी वरच्या सुरांत जातात, त्या सोजरबाईंच्या. चिमणीचं काम मिळाल्यावर सोजरबाई एकदम तरुण झाल्या. त्यांनी पदर खोचला, मान तिरकी केली आणि उच्चार शिकायला चंद्रिकाला समोर बसवून घेतलं. चंद्रिकानं आधीच कबूल केलं, की मी फक्त शब्द सांगणार, गाणार नाही.

पहिल्याच तालमीत गोंधळ उडाला. बाईचं कडवं अजून संपायचं होतं आणि चिमणीला दम निघेना; ती मध्येच कणसावर येऊन बसली. दानेश्वरीही ऐकेना. ती आवाज चढवायला लागली, सोजरबाई त्याहून वर गेल्या, मागच्या दोघी बाईच्या बाजूनं हिरिरीनं भांडणात उतरल्या, आणि हसू आवरेना म्हणून टाळवालीचा ताल सुटला.

गुरुराजनं भाता दाबून पेटी बंद केली. “अहो, एकेकीनं भांडा की!” तो म्हणाला आणि पुन्हा सा धरला.